होसकोट्याला न पोचलेल्या लॉऱ्या

७ सप्टेंबर १९९८, सोमवार
माझ्या लेकाच्या, उपेंद्रच्या कारखान्यातून दर वर्षी एक डायरी येते. यंदाची रद्दीत चालली होती, मी ओढून घेतली. चौथी पास आहे मी, लिहिता येतं. ही कोणी वाचायची नाही. वाचणाऱ्याच्या दाढा दुखोत.
आजपासून सुनेच्या धंद्यात मी आहे. नीलाने नोकरी सोडून पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडलाय. समोरची जुनी गिरणी पाडून तिथे फ्लॅट होणार. पाडकामाच्या विटा-माती आजवर लोक खुशाल तळ्यात नेऊन ओतायचे. तळं निम्मं बुजल्यावर सरकारला जाग आली. आता प्रत्येक लॉरी कुठे गेली ते बिल्डरने दाखवायचं, आणि ते काम नीलाकडे. कॉम्प्युटर चिठ्ठी छापतो. ड्रायव्हर ती घेऊन होसकोट्याच्या जुन्या खाणीवर जातो, माल ओततो, तिथल्या माणसाला चिठ्ठी देतो. तो माणूस संध्याकाळी फोन करतो, नीला मशीनमध्ये घालते. निघालेल्या आणि पोचलेल्या लॉऱ्या जुळल्या की झालं.
दसऱ्यानंतर सरकारी साहेब तपासायला येणार. जुळलं तर बिल्डरची पुढची सगळी कामं नीलाला. नाही जुळलं तर परत जुनी नोकरी, सकाळी आठ ते रात्री आठ. म्हणजे पोळी-भाजी माझ्या गळ्यात.
खिडकीतून चिठ्ठी द्यायचं काम माझं. म्हणजे मुख्य काम माझंच. नीलाला म्हटलं, माझं नाव घाल की कॉम्प्युटरमध्ये. म्हणाली, आई, त्यात लॉऱ्यांचे नंबर असतात, माणसांची नावं नसतात.
संकल्प: नीलाच्या कामात नाक खुपसायचं नाही. नाव मात्र घालून घ्यायचं.

९ सप्टेंबर
चिन्नप्पा नावाचा ड्रायव्हर आहे. अज्जी, अज्जी करत वाकून चिठ्ठी घेतो. आज विड्याची पानं आणून दिली. बाकीचे नुसते हॉर्न मारतात, मेले. माणूस ओळखायला मला एक नजर पुरते. उपेंद्रच्या वडिलांच्या वेळी ती नजर जमिनीवर होती, म्हणून फसले.

१२ सप्टेंबर, शनिवार
न्हाणीमागच्या खळग्यात परत पाणी साचलं. डास असे की आरती म्हणताना तोंडात जातात. वल्लरी जन्मली तेव्हापासून उपेंद्र म्हणतोय, आई, भरून घेऊ. नात आता म्हैसूरला डॉक्टरकी शिकतेय, खळगा आहे तिथेच आहे.
चिन्नप्पाला म्हटलं, स्वल्प विटा टाकतोस का रे मागे? सरी अज्जी, बरं, म्हणाला, आणि मागच्या बोळातून येऊन अख्खी लॉरी ओतून गेला. मी स्वल्प म्हटलं होतं. पण ओतलेलं उचल म्हणणं बरं दिसत नाही.
चिठ्ठी माझ्याच हातात ठेवून गेला. ती बंबात घातली. पाणी छान तापलं.

१६ सप्टेंबर
होसकोटं लांब, रस्ता खराब, चिन्नप्पाची कंबर धरते. मलाही खळगा भरायचाय. दोघांचं भलं होतंय त्यात कोणाचं काय गेलं? त्याचे दोन मेव्हणेही येऊ लागलेत. तेही वाकतात.
तळ्यात टाकतात तो कचरा. माझ्या मागे आहे तो भराव. कचऱ्याला कोणी वाली नसतो. याला मी आहे.
नीलाला यातलं काही सांगितलं नाही. तिला कामाचा व्याप. शिवाय मागचं दार कुठे आहे हेही तिला माहीत नसेल, धुणं मीच वाळत घालते.

१९ सप्टेंबर
नीलाचं जुळेना. निघालेल्या लॉऱ्या जास्त, पोचलेल्या कमी. म्हणाली, आई, चिठ्ठ्या सगळ्यांना देता ना? मी म्हटलं, एकही सुटलेली नाही. खरंच नाही सुटलेली.
होसकोट्याचा माणूसच लबाड असणार. फोनवर खाकरतो फार. नीलाला तसं सांगितलं. तिने त्याला झापलं. तो रडवेला होऊन म्हणाला, मॅडम, आलीच नाही लॉरी तर मी कुठून आणू? नाटकी मेला.

२३ सप्टेंबर
नीलाला वाटतंय, तिच्या प्रोग्रॅममध्येच चूक आहे. दोन दिवस धड जेवली नाही, नुसता चहा. मी मागे उभं राहून पडद्यावर दोन-तीन ठिकाणी बोट दाखवलं, इथे बघ, तिथे बघ. म्हणाली, आई, प्लीज. उपेंद्र म्हणाला, जुन्या साहेबांना फोन करून ठेव, नोकरी आहे का विचार. नीलाने कॉम्प्युटरवर टॉवेल टाकला आणि न्हाणीत गेली. बराच वेळ नळ सोडून ठेवला होता. बादलीत पाणी मात्र नव्हतं.
माझ्या मनात एक विचार आला. सोडून दिला.
संकल्प: उद्यापासून भराव बंद. एक कोपरा राहिलाय तेवढा झाला की.

२६ सप्टेंबर
कोपरा झाला. शेजारचा दुसरा कोपरा मग खड्ड्यात दिसायला लागला, तोही केला. आता अंगण कसं ताटासारखं सपाट. मधोमध तुळशीची कुंडी ठेवली, कडेला सांडगे वाळत घातले. यंदा तुळशीचं लग्न आमच्याकडे. भजनी मंडळाच्या पद्मावतीबाई त्यांच्या गच्चीतल्या मांडवाचं फार कौतुक सांगतात. बसा म्हणावं.
रात्री पाऊस झाला. सकाळी मागची यल्लव्वा आली ती कमरेवर हात ठेवूनच. म्हणाली, अंबक्का, तुझ्या अंगणातलं पाणी माझ्या म्हशींच्या पोटाला लागलंय, आता दूध काढायला तूच ये पोहत. मी म्हटलं, तुझ्या दुधात पाणी आजच आलंय का? गेली पाय आपटत. आता दूध दुसरीकडून आणायला हवं.

३० सप्टेंबर, आयुधपूजा
गावभर लॉऱ्यांना केळीचे खांब आणि झेंडू. मी कॉम्प्युटरची पूजा केली. नीला नको नको म्हणत होती, मशीनला कुंकू लावू नका. मी कडेलाच लावलं, आणि थोडं माऊस म्हणतात त्या उंदरालाही. दारात कोहळा फोडला. मशीनला हात जोडून सांगितलं, बाबा, सून उपाशी राहतेय, तू जरा नीट वाग.
नीला हसली. बऱ्याच दिवसांनी.
उंदीर आता अडकत अडकत चालतो.

५ ऑक्टोबर, सोमवार
साहेब आले. मी नऊवारी नेसून बसले, चिठ्ठीखात्याबद्दल विचारलं तर उत्तर द्यायला हवं ना.
नीलाने काही लपवलं नाही. कागद छापून समोर ठेवला. म्हणाली, सर, एवढ्या लॉऱ्या पोचल्याच नाहीत. मी प्रोग्रॅम तीनदा तपासला, चूक सापडत नाही. मान वर. कागदावर न पोचलेल्या लॉऱ्यांचे नंबर. सगळे चिन्नप्पाचे नि त्याच्या मेव्हण्यांचे.
साहेबांनी चिन्नप्पाला बोलावलं. तळ्यात ओतलंस ना रे, म्हणून दरडावलं. मला वाटलं, आता हा शहाण्यासारखा गप्प बसेल. याने माझ्याकडे बोट केलं. अज्जी हेळिद्रु, म्हणाला. अज्जींनी सांगितलं. वाकलासुद्धा नाही.
मग सगळी वरात मागच्या दारी. यल्लव्वा कुंपणावर आधीच हजर. हेच ते, साहेब, हेच ते, म्हणून हातवारे करत होती. मी म्हटलं, हा कचरा नाही, भराव आहे. साहेब म्हणाले, अम्मा, भरावाला परवानगी लागते. मी म्हटलं, सांडगा घ्या. घेतला नाही.
उपेंद्र कपाळाला हात लावून उभा. नीला माझ्याकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, तुझं मशीन बरोबर निघालं बघ. म्हणाली, हो आई.

६ ऑक्टोबर
नीलाला बिल्डरची सगळी कामं मिळाली. साहेब म्हणाले म्हणे, एवढासा घरामागचा ढीग ज्याने पकडला ते मशीन खरं. म्हणजे मी ढीग केला नसता तर मशीनची परीक्षा कशी झाली असती? हे मी जेवताना बोलले. उपेंद्रने मीठ मागितलं.
संध्याकाळी नीलाने पडदा दाखवला. आई, तुमचं नाव आलं. वाचलं: माल सापडल्याचं ठिकाण, अंबुबाई, बेकायदा.
खिडकीला आता नीलाने कडी लावलीय.

८ ऑक्टोबर
ढीग उचलून होसकोट्याला न्यायचा हुकूम आहे. चिन्नप्पा आणि मेव्हणे सकाळपासून फावड्याने भरतायत. मी मागे फिरकलेही नाही. दार लावून जप करत बसले. नेताय ते न्या. माझ्याशी बोलू नका.

९ ऑक्टोबर
नीलाचं जुळलं. निघालेल्या तेवढ्या पोचलेल्या.
मागे जाऊन बघितलं. खळगा होता तसा. त्यात पाणी, पाण्यात बेडूक. यल्लव्वाने कुंपणावरून विचारलं, अंबक्का, तुळशीला पण घालवलंस?
कुंडी नव्हती.
संध्याकाळी होसकोट्याचा फोन आला, खाकरत. मॅडम, सगळं पोचलं, एक तुळस जास्त आलीय, ती कशात लिहू? नीलाने मला विचारलं. कामातलं काही पहिल्यांदाच विचारलं. मी म्हटलं, कचऱ्यात लिहू नको म्हणावं.
उद्या चिन्नप्पाच्या लॉरीत बसून आणायला जायचंय. बस खाणीपर्यंत जात नाही. तो नको म्हणत होता, चिठ्ठीशिवाय काही नेणार नाही म्हणे, आता फार प्रामाणिक झालाय. शेवटी नीलाने माझी चिठ्ठी छापली. माल: अंबुबाई. कुठे: होसकोटे खाण.
मी विचारलं, आणि परत आल्याचं कुठे लिहायचं?
म्हणाली, आई, या मशीनमध्ये फक्त गेल्याचं लिहिता येतं.