चुकलं तर ट्रामच्या टोकाला

ओल्ड एअरपोर्ट, दोहा
११ जानेवारी २०२६

ती. राजाकाकांस नीताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. शुक्रवारी बाबांना लुसैलची ट्राम दाखवायला नेलं. ते चढले, दार लागलं आणि मी फलाटावरच! पुढच्या स्टेशनवर उतरले असतील म्हणून धावले, तर नाहीत. बाबा मोबाईल बाळगत नाहीत. शेवटी स्वारी सापडली ती पार टोकाच्या स्टेशनवर, बाकावर. वर मलाच रागावले, इतका उशीर का, अण्णांनी काय सांगितलंय म्हणून.

काका, आजोबांना जाऊन चाळीस वर्षं झाली. बाबांना भ्रम होतोय का? मी घाबरून त्यांच्याकडची घराची किल्ली काढून घेतली, एकट्याने फिरणं बंद केलं. ते माझ्याशी बोलत नाहीत. त्यांना दादरला परत पाठवू का?

काकूंना नमस्कार. तुमची माया आहेच, तिच्याच भरवशावर आहे.

तुमची,
नीता


दादर
२० जानेवारी

चि. नीतास अनेक आशीर्वाद.

आधी किल्ली परत दे, मग पुढचं वाच. रंगूदादाचं डोकं ठणठणीत आहे.

अगं, आपली कॉलनी वसलीच ट्रामच्या टोकाला. आधी ट्राम आली, मग शेतं जाऊन घरं झाली, मग आपण. दादर टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, हे दादरची पोर असून विसरलीस? असो, तुझ्या जन्माआधीच ट्राम बंद झाली. अण्णांनी आम्हा भावांना बजावलं होतं, की चुकामूक झाली तर शोधत फिरायचं नाही, ट्रामच्या टोकाला जाऊन बसायचं, घरचं माणूस तिथे येतंच. लहानपणी मी बाजारात हरवलो, रडत टोकाला पोचलो, तर दादा तिथे बसलेला. आधी एक धपाटा घातला, मग स्वतःच रडला.

परत पाठवायचाच तर माझ्यासाठी पाठव, पत्त्यांना भिडू नाही. सर्वांना गोड पापा.

तुझा,
राजाकाका


दोहा
७ फेब्रुवारी

ती. राजाकाकांस शि. सा. न. वि. वि.

किल्ली दिली. बाबांनी खिशात टाकली आणि संध्याकाळी आपणहून चहा मागितला. किती हायसं वाटलं सांगू!

काल पुन्हा लुसैलला गेलो. सुट्टीची ही गर्दी, आणि या वेळी हरवले मी. माझा मोबाईल बाबांच्या पिशवीत. सैरावैरा धावणार होते, पण तुमचं पत्र आठवलं. मागच्या वेळच्याच टोकाची ट्राम पकडली आणि तिथे उतरले.

बाबा आधीच येऊन बसले होते. शेजारी पिशवी ठेवून माझी जागा धरली होती.

आशीर्वाद असाच पाठीशी राहू द्या.

तुमची,
नीता