बँकेला शिकवलेला धडा

बुधवार, २ नोव्हेंबर
रोझॅनने निर्वाणीचं सांगितलं. वेंडेल, खात्यात नसलेले पैसे खर्चून पुन्हा एकदा जरी बँकेचा दंड पडला, तर माझा पगार या खात्यात येणार नाही. लग्नापासून एकच खातं आमचं! बायकोने पगार वेगळा काढला तर नवऱ्याची घरात किंमत काय राहिली? मीही ठणकावून सांगितलं, या महिन्यात दंड शून्य. बँकेला धडाच शिकवतो.

सोमवार, ७ नोव्हेंबर
घरमालक प्रुइटना भाड्याचा चेक दिला. खात्यात तेवढे नाहीत, पण शुक्रवारी माझा पगार. प्रुइट ऐंशीचे, चेक खिशात घालून आठवडाभर हिंडतात. अख्खं डेटन शहर असंच चालतं. डोकं लागतं त्याला.

बुधवार, ९ नोव्हेंबर
कॉफी, डोनट, पेट्रोल, रोझॅनचं खोकल्याचं औषध. सगळं कार्डावर. असल्या चिल्लरकडे बँक ढुंकूनही बघत नाही.

गुरुवार, १० नोव्हेंबर
प्रुइटना नातीने चेकचा फोटो काढून फोनवरूनच बँकेत टाकायला शिकवलं. या वयात! नसते उद्योग! बँकेने मोठी रक्कम म्हणून आधी भाडं वजा केलं, खातं खड्ड्यात घातलं, मग चिल्लरीतल्या एकेकावर वेगळा दंड. डोनटवर पस्तीस डॉलर! चोर लेकाचे. रोझॅनला बोललो नाही. उद्या पगार येतोच आहे.

शुक्रवार, ११ नोव्हेंबर
पगार नाही. माजी सैनिकांच्या दिनाची सुट्टी, बँका बंद. गॅरेजच्या मालकाला आधी सुचायला नको? मलाही सुचलं नाही, पण मी टायर बसवतो, कॅलेंडर छापत नाही.

सोमवार, १४ नोव्हेंबर
पगार आला. दंडाने लचका तोडला, उरलेला विजेच्या बिलात गेला. बँकेत जाऊन टेबल आपटलं. काउंटरवरच्या बाईने एक दंड माफ केला! आवाज चढवल्याशिवाय काही होत नाही. त्या आनंदात पिझ्झा नेला. कार्डावर.

मंगळवार, १५ नोव्हेंबर
पिझ्झावर दंड.

शुक्रवार, १८ नोव्हेंबर
आज रोझॅनचा पगार. आलाच नाही. बँकेला फोन करून झाडलं, माझ्या बायकोचा पगार गिळलात काय? स्वयंपाकघरातून रोझॅन म्हणाली, त्या बिचाऱ्यांवर ओरडू नकोस, तो आता माझ्या खात्यात जातो. म्हटलं, अगं, निदान एक संधी तरी द्यायचीस! म्हणाली, खातं दोन तारखेला सकाळीच उघडलं, तुझ्याशी बोलण्याआधी.
भांडली असती तर मीही भांडलो असतो. पण ती म्हणाली, चल, जेवण गार होतंय.