पुरातल्या काकड्या

आप्पा, तो पूर उन्हातला होता, हे इथे पुण्यात कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. कुंभकोणम्‌वर आकाश स्वच्छ, गच्च्यांवर तांदळाच्या पिठाचे वडाम वाळत घातलेले, आणि कावेरी मात्र घाटाच्या पायऱ्या एकेक करून गिळत वर येत होती. पाऊस कुर्गच्या डोंगरांत कोसळत होता आणि पाणी आपल्या दाराशी येत होतं. आडीपेरुक्कूच्या सणाला बायकांनी नदीची पूजा केली, काठावर बसून चित्रान्नं खाल्ली, आणि पुढे थोड्याच दिवसांत सुंदरपेरुमाळ कोयिल गावाकडचा बांध फुटला. तुम्ही नगरपालिकेचे आरोग्य निरीक्षक. ते गाव तुमच्या हद्दीत नव्हतं, पण तिथली भाजी आपल्या मंडईत यायची, म्हणून पाणी ओसरू लागताच तुम्ही निघालात. आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मला एकटीला घरी कुठे ठेवायचं, म्हणून मलाही आगगाडीत बसवलंत.

स्टेशनवरून गावात जाताना तुम्ही माझं बोट धरलं आहे आणि तुमचं लक्ष माझ्याकडे नाही. तुम्ही भिंतींकडे बघताय. भिंतींवर चिखलाची रेघ उमटली आहे, माझ्या खांद्याच्या उंचीला. पाणी कुठून शिरलं, कुठून गेलं, कुठे साचून राहिलं, हे तुम्ही भेटेल त्याला विचारताय आणि लोक हात लांब करून दाखवताहेत. बांधाकडून आलं, परसांतून गेलं, गावची माणसं सकाळी जिथे शौचाला जातात त्या माळावरून वळलं आणि मळ्यांत येऊन थांबलं. माळावर एक वासरू फुगून पडलं होतं, अजून कुणी उचललं नव्हतं. एका ओसरीवर दोन मुलं चटईवर निजलेली होती, डोळे खोल गेलेले, आणि त्यांची आजी त्यांना पेज पाजत होती. तुम्ही वाकून धाकट्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरलीत आणि सोडलीत. ती लगेच बसली नाही. "पेजेत मीठ घाला," तुम्ही आजीला म्हणालात, "आणि आत्ताच्या आत्ता गाडी जुंपून दोघांना इस्पितळात न्या."

मळ्याच्या टोकाला ती बाई भेटली. नवरा नसलेली, माझ्याहून लहान अशी दोन मुलं पदरात. पाणी चढलं तेव्हा तिनं मुलांना चिंचेवर चढवलं होतं आणि स्वतः खाली बुंध्याला मिठी मारून उभी राहिली होती. तिचे काकडीचे वेल पिवळे पडून कुजायला लागले होते, पण काकड्या मात्र हिरव्यागार, जणू काही झालंच नाही. तिनं एक तोडली, पदराला पुसली आणि माझ्या हातात दिली. "घे कण्णु," ती लाडानं म्हणाली. ती काकडी गार होती, हे मला अजून आठवतं. तुम्ही ती माझ्या हातातून काढून घेतलीत आणि आपल्या पिशवीत टाकलीत. तिचा चेहरा पडला. तुम्ही तमिळमध्ये, जमेल तितक्या मऊ आवाजात, तिला सांगितलंत की ह्या कच्च्या खायच्या नाहीत, विकायच्याही नाहीत, शिजवून काय ते खा. ती म्हणाली, "विकायच्या नाहीतच, सामी. पोरं वाचली तर जे उरेल ते कृष्णाला देईन, असं बोलले आहे मी." गावातल्या देवळाविषयी बोलते आहे असं तुम्हाला वाटलं. मलाही तसंच वाटलं.

त्या संध्याकाळी आपलं स्वयंपाकघर म्हणजे तुमची प्रयोगशाळा झाली होती. उकळून गार केलेल्या पाण्यात तुम्ही ती काकडी घोळवलीत, ते पाणी वाफवलेल्या बाटलीत भरलंत, बूच लावून वर मेण ओतलंत. सकाळी बर्फ आणि लाकडाचा भुसा भरलेल्या पेटीतून ती तपासणीसाठी मद्रासला जायची होती. मी पाटावर बसून बघत होते. त्याच गावची वांगीही तुम्ही आणली होती आणि ती चुलीवर रटरटत होती. मी विचारलं, वांगं चालतं तर काकडी का नाही? तुम्ही खूश झालात. तुम्हाला कुणी असं विचारत नसे. "चुलीवर जाणार कीं नाहीं, हें आधीं पाहावें," तुम्ही म्हणालात. "मग पाणी कोठून आलें तें. मग साल फुटली आहे काय तें. जंतू डोळ्यांस दिसत नाहींत, बाळ, पण ते ज्या वाटेनें आले ती वाट दिसते. आपण वाट पाहून आलों." मग काकडीच्या देठाजवळची एक बारीक चीर मला दाखवलीत, चिखल आत शिरलेली. कितीही धुतली तरी तिथलं निघणार नाही, असं म्हणालात.

मंडईत तुम्ही काकडी, मुळा, कोथिंबीर, जे कच्चं खाल्लं जातं ते सगळं तात्पुरतं बंद केलंत. विकणारे कुरकुरले, पण तिथे तुमचा अधिकार होता. आपल्या लोकांच्या कृष्णाच्या भजनमठात तो नव्हता.

गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी मठात समाराधना असायची. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली आपली मराठी बोलणारी झाडून सगळी कुटुंबं त्या दिवशी तिथे जेवायची. मठाची व्यवस्था मामाकडे, आईच्या थोरल्या भावाकडे होती. मी सकाळपासून मामेबहिणीबरोबर पानं पुसत होते, म्हणून मळ्यातली ती बाई काकड्यांची टोपली घेऊन आली ते मी पाहिलं; तिचा कृष्ण आपल्या मठातला होता. मामानं तिला हात जोडले. टोपली देवापुढे ठेवली, तिच्यावर तुळस वाहिली. तिला सांगितलं, जेवल्याशिवाय जायचं नाही. तिनं मला ओळखलं आणि ती हसली. मला काहीतरी सांगायला हवं आहे असं वाटत होतं, पण कुणाला आणि काय ते कळत नव्हतं. तुम्ही विहिरींत औषध टाकायला गेला होता. तुम्ही आलात तेव्हा पहिली पंगत बसली होती, पानांवर मीठ वाढून झालं होतं आणि दोघेजण कोशिंबिरीचं पातेलं उचलत होते.

"काकडी कोठली?" तुम्ही विचारलंत. वाढणाऱ्यानं कौतुकानं सांगितलं.

मामा पुढे आला. "दाजी, आतां कसाला हें? पानें मांडलीं."

"ही पुराच्या पाण्यांत होती. कच्ची वाढूं नका. डाळींत घालून शिजवा, कूटू करा. मी थांबतों."

आचारी म्हणाला, मीठ, लिंबू, खोबरं सगळं पडलं आहे, शिजवली तर पिचकवणी होईल. मामाचा आवाज चढला. "देवापुढें ठेविली ती माणसांस बाधेल? तुमच्या मद्रासच्या डॉक्टरनें सांगितलें काय, ह्यांत रोग आहे म्हणून?"

"उत्तर आलें नाहीं अजून."

"म्हणजे तुम्हांस ठाऊक नाहीं."

"नाहीं," तुम्ही म्हणालात. सगळ्या पंगतीला ऐकू गेलं. मग तुम्ही त्या दोघांच्या हातातून पातेलं घेतलंत, स्वतः उचलून मागच्या दारी नेलंत आणि खरकट्याच्या खड्ड्यात पालथं केलंत. ती बाई मागच्या दाराशीच बायकांत उभी होती. खड्ड्यात पडलेला तो हिरवा-पांढरा ढीग तिनं पाहिला आणि विचारलं, "सामी, मी देवाला विष आणलं होतं का?"

तुम्ही तिच्यासमोर रिकामं पातेलं धरून उभे आहात. धोतरावर ओघळ आलेले आहेत. "ठाऊक नाही, अम्मा," तुम्ही तमिळमध्ये म्हणालात. "ठाऊक नाही म्हणूनच."

तिनं पदराचा बोळा तोंडावर धरला, टोपली काखोटीला मारली आणि न जेवता स्टेशनची वाट धरली. तुम्ही विहिरीवर जाऊन पातेलं स्वतः घासलंत. मग पंगतीत येऊन बसलात. तुमच्या उजव्या बाजूचं पान रिकामं राहिलं. डाव्या बाजूला मी येऊन बसले.

मद्रासहून उत्तर आलं ते असं की पाण्यात विष्ठेतले जंतू पुष्कळ आहेत, पण पटकीचे किंवा विषमज्वराचे सापडले नाहीत. मामानं ते वाचलं आणि म्हणाला, पाहा. तुम्ही एवढंच म्हणालात, "त्या एका बाटलींत नाहींत." मठात जेवलेल्यांपैकी कुणी आजारी पडलं नाही, आणि तेच तुमच्या विरुद्ध गेलं. सुंदरपेरुमाळ कोयिलच्या त्या दोन मुलांपैकी धाकटा इस्पितळातून परत आला नाही. तो विहिरीच्या पाण्यानं गेला असेल, असं लोक म्हणाले. असेलही.

भांडण कुणी केलं नाही. दिवाळीला मामाकडून फराळ आला, मामेबहीण माझ्याशी पहिल्यासारखीच खेळत राहिली. पण शनिवारच्या भजनाला तुम्हाला हाक मारायला पूर्वी कुणीतरी दारावरून जात असे, ते थांबलं. तुम्ही एकदोनदा आपण होऊन गेलात. तुमची झांज दुसऱ्याच्या हातात होती. नंतर तुम्ही गेला नाहीत. दिवे लागल्यावर तुम्ही ओट्यावर बसता, दोन गल्ल्यांपलीकडून मठातला ताल येतो आणि तुमचं बोट मांडीवर हलतं. मी दारातून बघते आणि आत जाते. आपल्या दोघांच्या जेवणात बोलणं कमी कमी होत गेलं. रागानं नव्हे. तुम्ही बोललात की लोकांची जेवणं थांबतात, असं काहीतरी तुम्ही मनाशी धरलं असावं.

एकदाच मी विचारलं होतं, तुम्ही परसात नारळ सोलत होता तेव्हा. "आप्पा, त्या दिवशीं भय वाटलें काय?" तुम्ही कोयता खाली ठेवलात. "वाटलें," म्हणालात. "वाढली तर कोणी मरेल, ह्याचें. आणि ओतली तर कांहीं होणार नाहीं, ह्याचेंहि." मग पुन्हा कोयता उचललात. मला तेव्हा दुसरं भय समजलं नाही. ते समजायला मला स्वतःची नोकरी, संसार आणि घरातली आजारपणं लागली. आपण थोपवलेली गोष्ट कुणाला दाखवता येत नाही. तिचा साक्षीदार कुणी नसतो.

लग्न होऊन मी पुण्याला आले आणि तुम्ही तिथेच राहिलात. ताप आल्याची तार आली, मी निघाले, आणि पोचले तेव्हा तुम्हाला नेऊन ओटा धुऊन झाला होता. मामा खूप म्हातारा दिसत होता. मला म्हणाला, "हट्टी होता तुझा बाप." मग बराच वेळ माझा हात धरून बसला. तुमच्यासाठी ते पुरेसं आहे की नाही, हे मला ठरवता आलं नाही.

आता माझंच वय तुमच्या शेवटच्या वयापेक्षा जास्त झालं आहे. हे गेले, मुलगा लांब असतो, फोन रविवारी येतो. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं, हा प्रश्न नाही, टाकायचंच नाही. पण एक सांगायचं राहिलं. गेल्या आठवड्यात इथे नदीनं काठ सोडला आणि खालच्या मंडईत पाणी शिरलं. ओसरल्यावर दुसऱ्याच दिवशी वरच्या मजल्यावरची नवी सून ताट झाकून घेऊन आली. म्हणाली, आजी, घरात कुणी नाही, तुमच्याबरोबर जेवू का? ताटात काकडीची कोशिंबीर होती. मला वाट माहीत होती, आप्पा. कुठून आली असेल ती, सगळी वाट मला डोळ्यांसमोर दिसत होती. मी तिला काही विचारलं नाही; विचारलं असतं तर तिचं जेवण थांबलं असतं. ती शेजारी बसली, तिच्या माहेरचं काहीबाही सांगत राहिली, आणि मी जेवले. "अजून वाढू का?" तिनं विचारलं, आणि मी हो म्हटलं.