वाटीभर विरजण

आत्याबाई, तुम्हाला वाचता येत नव्हतं म्हणून बिनधास्त लिहिते. समोर असता तर सासूला सुनावायची माझी काय छाती होती!

मी नवी नवरी होऊन माण गावात आले तेव्हा आपल्या गोठ्यात तीन म्हशी होत्या. तरी रोज दुपारी चार वाजले की तुम्ही वाटी घेऊन कुणाच्या तरी दारात. "आगं, वाइच इरजण हाय का?" म्हणायचं आणि तासभर ठाण मांडायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा परसात मी तुम्हाला पकडलंच. घरातलं शेवटचं दही तुम्ही कुत्र्याला घालत होतात! आणि वर माझ्यावरच उखडलात. "लई शानी हायेस. तुजा सासरा गेला तवा सा म्हैने उंबरा वलांडला न्हाई मी. चुलीसंगं बोलाय लागले व्हते. येड लागायचं तेवडं बाकी व्हतं. तवापसनं दही शिल्लक ठेवत न्हाई. मागायला तरी भायेर पडावं लागतंय." मी मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायांना ती कुत्र्याची गोष्ट रंगवून सांगितली. केवढ्या हसलो! तुमच्या कानावर गेलं. आठ दिवस तुम्ही वाटी हातात घेतली नाहीत, ओसरीवर नुसत्या बसून. मला वाटलं, बरी खोड मोडली. शेवटी वाट बघून शेजारणीच आपापल्या वाट्या घेऊन आल्या.

आता माझी फजिती ऐका. खाचरांवर कंपन्या उभ्या राहिल्या, गोठ्याच्या जागी आपली तीन मजल्यांची बिल्डिंग आहे. वर सगळे कंपनीत जाणारे भाडेकरू. भाडंसुद्धा फोनवर येतं, दार कुणी वाजवत नाही. तुमचा लेक जाऊन दोन वर्षं झाली. तुमचा नातू, म्हणजे माझा लेक, बाणेरला; किराणा, दही सगळं घरपोच धाडतो, स्वतः महिन्यातून एकदा येतो. मी खाली एकटी. जिन्यातला कॅमेरा टीव्हीवर लावून बसायची. कोण कुठल्या चपला घालतं ते पाठ, नाव एकाचं माहीत नाही. जेवण म्हणजे चहा-खारी, वेणी चार-चार दिवस तशीच. झोप लागायची नाही आणि उठावंसंही वाटायचं नाही. एका सकाळी गॅसवाला आला. "मावशी, सिलिंडर कुठं ठेवू?" म्हणाला, तर माझ्या तोंडून आवाजच फुटेना. आठवून बघितलं, पाच दिवस मी कुणाशी बोललेच नव्हते. तो गेल्यावर मी कुकरला म्हटलं, "बघितलंस, कसा बघत होता मेला!" आणि चरकले. तुमची चूल, माझा कुकर. खरंच घाबरले, आत्याबाई.

वाटी उचलली आणि गुडघे धरत तिसरा मजला गाठला. दार उघडणारी पोरगी मला बघून पांढरीफटक. "आंटी, कचरा मैंने नहीं फेंका!" मी म्हटलं, "कचरा राहू दे गं. दही जमाने के लिए थोडा दही है क्या?" ती म्हणते, "दस मिनट में ऑर्डर कर देती हूँ." मी हट्टाला पेटले, दुकानाचं नको, घरचंच पाहिजे. तिनं डोकं खाजवलं आणि शेजारचं दार वाजवलं. आठ महिने दोघी भिंतीला भिंत लावून राहतायत आणि साधी तोंडओळख नाही! शेजारीण निघाली लातूरची. ती दह्याचं पातेलंच घेऊन आली. मग आम्ही तिघी जिन्यातच बसलो. मी इतकी बडबडले की दुसऱ्या दिवशी घसा बसला.

नंतर माझ्या लेकालाही सगळं सांगितलं, त्यानं डॉक्टरांकडं नेलं. आता झोप लागते. रविवारी माझ्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नसते; कढी होते, भाकऱ्या होतात, त्या पोरींच्या भाकऱ्यांचे नकाशे होतात. तिसऱ्या मजल्यावरची तर दर दोन दिवसांनी वाटी घेऊन हजर. "आंटी, मेरा दही फिर खतम." कुठं जातं तिचं दही, मी विचारत नाही.

हे पत्र टाकणार कुठं? पिठाच्या डब्याखाली ठेवते. तुमचं हसं केलं, चुकलं माझं. आणि एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी वाटी उचलली तेव्हा तुमच्या नातवानं धाडलेला दह्याचा डबा फ्रीजमध्ये भरलेला होता. दही असताना नाही म्हणून कसं मागायचं? कुत्रं तर आता आपल्याकडं नाही. म्हणून साखर घालून उभ्याउभ्या सगळं मीच खाल्लं.