खुराड्यावरची नोटीस

१२ जानेवारी, सोमवार

नोटीस! माझ्या खुराड्यावर! दाणे टाकायला खाली गेले तर जाळीला कागद चिकटवलेला. सात दिवसांत कोंबड्या हलवा, नाहीतर पालिका उचलून नेणार. तक्रार आलीय म्हणे. कुणाची? ते नाही लिहिलं. तोंड दाखवायची हिंमत नाही मेल्यांना!

जिथे ही सात मजली बिल्डिंग उभी आहे तिथे मी भात लावलाय. गुडघाभर चिखलात. आज टिटवाळ्यात फ्लॅट घेऊन आलेले मला शिकवणार, कोंबड्या कुठे ठेवायच्या! जमीन दिली तेव्हा बिल्डर आमच्या ओटीवर बसून बोललेला, मावशी, भिंतीकडचा कोपरा तुमच्या कोंबड्यांना. मी म्हटलं, कागदावर घ्या. तर आमचे हे म्हणाले, "अगं, शब्द दिलाय ना त्याने." शब्द! घ्या आता तो शब्द आणि दाखवा पालिकेला.

पाच कोंबड्या नेल्या तर नेऊ देत. रडेन आणि गप्प बसेन. पण कोंबडा? तो देवीचा आहे. नयनच्या लग्नाला दोन वर्षं झाली, करिश्माला काही राहीना, तेव्हा मी गावदेवीला बोलले – सुनेची कूस उजव, हा कोंबडा तुला देईन. त्या दिवसापासून तो विकायचा नाही, कापायचा नाही, कुणाच्या हातात द्यायचा नाही. चार वर्षं झाली त्याला. पालिकेने नेला तर नवस मोडला. मग नातवंड कुठून?

१३ जानेवारी, मंगळवार

वॉर्ड ऑफिस. सकाळपासून दुपारपर्यंत. आरोग्यवाले म्हणाले, जनावरांचं आमच्याकडे नाही, वर जा. वरचा म्हणाला, आमच्याकडे फक्त कुत्रे. तिसरा म्हणाला, परवानगी लागते. मी म्हटलं, द्या मग फॉर्म, आत्ता भरते. तर म्हणतो, "फॉर्म नाहीये मावशी." परवानगी लागते आणि फॉर्म नाही!! मी म्हटलं, निदान नियम तरी दाखवा, कुठे लिहिलंय वाचते. अंगणवाडीत बत्तीस वर्षं सरकारी कागदच वाचले मी. तो म्हणाला, "नियम असतोच हो."

असतोच हो! म्हणजे झालं.

१४ जानेवारी

संक्रांत. सगळ्या बिल्डिंगला तिळगूळ वाटला. सेक्रेटरीला नाही दिला.

१८ जानेवारी, रविवार

सोसायटीची मीटिंग झाली. आज मी कुणाची भीड ठेवली नाही.

सेक्रेटरी सर्वेश सुरू झाला – "काकू, पर्सनल काही नाही, पण हायजीन इश्यू आहे." मी म्हटलं, पाचव्या मजल्यावरचा कुत्रा लिफ्टमध्ये मुततो तो इश्यू नाही का रे? तर म्हणे तो पेट आहे! आणि माझ्या कोंबड्या काय दगड आहेत? वर शपथ घेतो – तक्रार सोसायटीने केलेली नाही, मलाही नोटीस लागल्यावरच कळलं. चोर तो चोर वर शिरजोर!

मग मी उभीच राहिले. साठ माणसांसमोर सगळं सांगून टाकलं. म्हटलं, हा साधा कोंबडा नाही, नवसाचा आहे. माझ्या सुनेला सहा वर्षं मूल नाही, तिच्यासाठी देवीला बोललाय. न्यायचा तर माझ्या अंगावरून न्या! सर्वेशची मान खाली. मागून एक बाई म्हणाली, "अहो, मग राहू द्या ना बिचारा." बघा! खरं बोललं की माणसं ऐकतात. शेवटी ठरलं, पालिकेला सोसायटीतर्फे लिहायचं, आमची हरकत नाही.

करिश्मा मात्र मध्येच उठून वर गेली. डोकं दुखतंय म्हणे. अगं, तुझ्यासाठीच घसा फोडतेय ना मी?

१९ जानेवारी, सोमवार

गेटवर तीन बायकांनी थांबवून चौकशी केली. एकीने कल्याणच्या डॉक्टरचा नंबर दिला, एकीने करिश्मासाठी प्रसादाचा पेढा. इतकी वर्षं ह्या बायका नुसत्या मान हलवून जायच्या! पेढा घरी दिला तर करिश्माने फ्रिजवर ठेवला. खाल्ला नाही. थँक्यू नाही, काही नाही. आजकालच्या पोरींना काही करा, त्यांना त्याची किंमतच नाही.

२० जानेवारी

सात दिवस संपले. पालिकेची गाडी आली नाही. पण माणूस आला. म्हणतो, सोसायटीचं पत्र मिळालं, पण मूळ तक्रार मागे घेतल्याशिवाय केस बंद होणार नाही. शुक्रवारी उचलणार.

हे म्हणतात, "जाऊ दे सगुणा, मुरबाडला बहिणीकडे सोडून ये." देवीचा कोंबडा काय पाहुणा आहे, मुरबाडला धाडायला? नयन तर जेवता जेवता ताट सरकवून उठला. "आई, बास कर ना आता." मी बास करू? मी?? तक्रार करणारा मोकळा, आणि बास मी करू!

नाव शोधून काढणारच. काढून त्याच्या दारात जाऊन उभी राहणार. अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं बोलणार. ह्या जन्मात विसरणार नाही तो.

२१ जानेवारी, बुधवार

क्लार्क म्हणाला, तक्रारदाराचं नाव सांगता येत नाही. मी बाकावर बसून राहिले. ऑफिस बंद होईपर्यंत. उद्या परत जाणार. डबा घेऊन.

२२ जानेवारी, गुरुवार

कंटाळून शेवटी क्लार्कने फाईलच पुढे सरकवली. "वाचा आणि सोडा आम्हाला."

अर्ज पाच जानेवारीचा. खाली सही – करिश्मा. फ्लॅट आमचाच.

आवाजाचं काही लिहिलेलं नाही. वासाचंही नाही. लिहिलंय – "सदर कोंबडा माझ्या नावाने नवसाला ठेवला आहे. चार वर्षे झाली. तो आरवला की घरात सगळे माझ्याकडे बघतात. सोसायटीत अजून कुणाला कारण माहीत नाही. कळण्याआधी घेऊन जावे, ही विनंती."

घरी आले तेव्हा ती भाकऱ्या टाकत होती. मागे न बघताच विचारलं, "कळलं का नाव, आई?"

"नाही दाखवलं," म्हटलं.