तांबड्यासाठी मातीची भिंत

३ मार्च

घोडे सांभाळणारा मोतद्दार गेला. तांबड्याने लाथ घातली ती आधी तबेल्याच्या फळीला आणि मग फळीसकट त्याच्या छातीत. फळीचं टोक बरगड्यांतून आत घुसलं. दादाने त्याला मांडीवर घेतलं होतं — शाळेपासूनची दोस्ती त्यांची, त्यालाच भेटायला गेलो होतो. मी घोड्याचा दोर धरून लोंबकळत होते, तळहातांची सालं निघाली. एका माणसात इतकं रक्त असतं!

४ मार्च

तांबड्याचा मालक बंदूक घेऊन आला. मी घोड्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. का, देव जाणे! म्हटलं, फळी मोडली की तिचा भाला होतो, माणूस त्या भाल्याने मेला. मातीची भिंत घाला, हातभर जाड. लाथ बसली तर खळगा पडेल, टोकं निघणार नाहीत. मालकाने बंदुकीचा दस्ता जमिनीला टेकवला. मग म्हणाला, "बांधा. पण त्याने हीसुद्धा पाडली, तर त्याच दिवशी गोळी."

दादा शेजारीच उभा होता. मालकासमोर त्याने होकारार्थी मान हलवली.

५ मार्च

घरात पाऊल टाकताच दादाने मला दाराच्या चौकटीवर आपटलं. खुन्याला घर बांधून देतेस काय! मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. ओठ सुजलाय, पण त्याचं मनगटही काही कमी सुजलेलं नाही. काम सोडणार नाही म्हणाला. बाबांच्या मागे धंदा आम्ही दोघं चालवतो. लोकांच्या लेखी तो कारागीर आणि मी त्याची चिखल तुडवणारी बहीण. असू दे.

११ मार्च

दिवसभर गारा तुडवला. माती, वाळू, कापलेला पेंढा, पाणी. टाचेने दाबायचं, उलथायचं, पुन्हा दाबायचं. मनात दादाला शिव्या चालूच होत्या, त्यामुळे गारा झकास झाला. राग आला की माझं काम चांगलं होतं, असं बाबासुद्धा म्हणायचे. दगडी जोत्यावर पहिला थर चढवला, गुडघाभर. आता हात आवरायचा. अंगठा रुतेनासा झाला की मगच दुसरा थर.

१५ मार्च

दादाने तांबड्याला फावड्याच्या दांड्याने मारलं. झाडाला बांधलेल्या जनावराला! तोंडावर, डोळ्याजवळ. मी घमेलं उचलून त्याच्या पाठीत घातलं. तो वळला, माझे केस धरले आणि तोंड गाऱ्याच्या खड्ड्यात दाबलं. नाकातोंडात चिखल गेला. आता संपलंच, असं वाटलं — तेवढ्यात त्याने सोडलं.

मग माझ्याच शेजारी बसून रडायला लागला. "तुला घोडा दिसतो गं," म्हणाला, "मला ती फळी दिसते." तरी उठून त्याला एक लाथ घातलीच.

२० मार्च

दुसरा थर. बोलणं बंद. भांडी मात्र दणादण आपटतात.

२७ मार्च

मालक रोज येतो, कधी होणार म्हणून विचारतो. आज बंदूकही घेऊन आला, सहज आणल्यासारखी! तांबडा उघड्यावर आहे, काल त्याने दोर तोडून कुंपण मोडलं. माझा धीर सुटला. मागच्या भिंतीवर तिसरा थर आजच चढवला. खाली अंगठा अजून किंचित रुतत होता. दादा थांब म्हणाला. मी म्हटलं, तू गप्प बस. तर खरंच गप्प बसला.

१६ एप्रिल

पाचवा थर. बाहेरची बाजू तासून सरळ केली. दादाने तासणी माझ्याकडे फेकली — पात्याने पोटरी उघडली, चार टाके. मुद्दाम फेकली नाही म्हणतो. मी तीच तासणी उलटी धरून त्याच्या गुडघ्यावर हाणली. ही मात्र मुद्दाम.

३० एप्रिल

तांबडा आत गेला! मान खाली घालून, नवऱ्या मुलासारखा. रात्री झोप कशी ती लागली नाही.

२ मे

आज त्याने लाथ घातली, माझ्या डोळ्यांदेखत. डाव्या भिंतीत वाटीएवढा खळगा पडला. बस्स! भिंत जागची हलली नाही. ओल्या मुठीभर गाऱ्याने खळगा बुजवला, आणि वेड्यासारखी हसत सुटले. तांबड्याने माझा खांदा चावला, तरी हसतच होते.

६ मे

मागची भिंत खालून ओली आहे. एवढं ऊन पडतंय, तरी ओली. बोट पहिल्या पेरापर्यंत जातं. तिसरा थर! माझीच घाई नडली. मालकाला सांगितलं तर तो घोडा बाहेर काढेल, आणि बाहेर काढलेल्या घोड्याचं तो काय करेल ते मला माहीत आहे. दादाला विचारलं. वाळेल, म्हणाला. इतक्या गोड आवाजात महिन्याभरात बोलला नव्हता.

९ मे

मागची भिंत पडली. पहाटे. दादावर पडली.

तो बाहेरच्या बाजूला होता. जन्मात कधी कामावर लवकर गेला नाही, तो आज गेला! कमरेपर्यंत गाडला होता. मी हातांनी उकरलं, नखं उलटली. डावा पाय भलतीकडेच वळलेला, हाड बाहेर. तो ओरडत होता, आत तांबडा खिंकाळत होता, आणि मी दोघांनाही शिव्या देत होते. दवाखान्यात नेलं तेव्हा शुद्ध हरपली होती.

मालक म्हणाला, घोड्यानेच पाडली. उद्या सकाळी गोळी.

संध्याकाळी परत जाऊन ढिगारा पाहिला. टापेची खूण नाही. खळगा नाही. गारा कणकेसारखा मऊ. भिंत आपल्याच वजनाने बसली.

१० मे

मालकाच्या दारात उजाडायच्या आत उभी होते. सगळं सांगितलं. घोड्याने पाडली नाही, खालचा थर वाळायच्या आधी मी वर चढवला. तो ढिगाऱ्यापर्यंत आला, हात मनगटापर्यंत गाऱ्यात खुपसला, बाहेर काढला आणि त्याच चिखलाच्या हाताने माझ्या कानफटात मारली. कान अजून वाजतोय. यापुढे कुणी तुझ्या हातात फावडं देणार नाही, याची व्यवस्था मी करतो, म्हणाला. करेलही.

पण बंदूक घरात ठेवून आला. तांबड्याला मालकाने आपल्या भावाच्या गोठ्यात हलवलं. धंदा गेला. बाबांचं नावही गेलं. घोडा जिवंत आहे. दादाचा पाय मोडला तो माझ्यामुळे, हे मात्र गिळता गिळवत नाही. दिवसभर त्याच्या उशाशी बसून होते, मनातल्या मनात पाया पडत होते.

१२ मे

दादा शुद्धीवर आला. मी मालकाला काय सांगितलं ते त्याला सांगितलं, माफी मागितली. मग म्हणाला, "थर ठीक होता तुझा. पाणी मी ओतत होतो. रोज पहाटे, तू उठायच्या आत, मागच्या बाजूने. भिंत पडली की त्याला गोळी, म्हणून."

माझा हात त्याच्या मोडलेल्या पायावर होता. मी दाबला. तो ओरडला नाही. मी दाबतच राहिले. शेवटी दोन नर्सनी मिळून हात सोडवला.