डावी किनार

३ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा बोंब! प्रोग्रामचं काम चार थ्रेडमध्ये, म्हणजे एकाच वेळी चार वाटांनी लावलं, वेग तेवढाच. टेबलावरून कापड सरसर पुढे जातं, कॅमेरा फोटो काढतो, आणि माझा प्रोग्राम मागून रांगत येतो. पायथनचा इंटरप्रिटर, म्हणजे प्रोग्राम चालवणारा, एका वेळी एकाच थ्रेडला काम करू देतो — चार बायका आणि कात्री एक, असला कारभार. वाचलं होतं, तरी करून बघितलं. हौस दांडगी!

कारखान्याच्या केसरीनाथशेठकडे व्यापाऱ्यांच्या तक्रारी आल्यात, कापडातले दोष तपासणीत सुटतात म्हणून. तपासते आक्का. माझी आत्या, मला तिनेच वाढवलं. प्रोग्राम नीट चालला तर तिच्या मदतीला ठेवू, नाहीतर दुसरी बाई बघू, असं शेठ म्हणाले. आक्काला हे सांगायचा धीर झालेला नाही.

५ फेब्रुवारी

थ्रेड काढले. चार वेगळ्या प्रोसेस, प्रत्येकीचा इंटरप्रिटर आपापला. पळालं! पण तेच कापड दोनदा चालवलं तर उत्तरं वेगवेगळी. दिवसभर डोकं धरून बसले. चूक माझीच — फोटो तपासणारं फंक्शन आधीच्या फोटोतला उजेड लक्षात ठेवत होतं, आणि आता आधीचा फोटो जातो भलत्याच प्रोसेसकडे. ते काढून टाकलं. आता फंक्शन शुद्ध. फोटो घ्यायचा, दोष सांगायचा. मागचं आठवायचं नाही, बाहेरच्या कशाला हात लावायचा नाही. माणसाला असं राहता आलं असतं तर बरं झालं असतं.

६ फेब्रुवारी

आक्काच्या खडूच्या खुणांशी ताळा केला. मधे जुळतं, उजवीकडे जुळतं. डाव्या किनारीला मात्र प्रोग्राम दोषावर दोष दाखवतो आणि तिथे आक्काची एकही खूण नाही! तिला विचारलं. म्हणाली, "तुजं मशीन खोटं बोलतं, पोरी. माजे हाताखालशी गेलंय ते कापड."

मलाही तसंच वाटतं. सोमवारी शेठना दाखवायचंय.

८ फेब्रुवारी, रविवार

प्रोसेसवर संशय होता, म्हणून आज सगळे फोटो एकामागून एक चालवले. गोगलगाय! पण उत्तर तेच. उलट्या क्रमाने चालवले — तेच. मग कारखान्यात जाऊन कापडाचे ताके स्वतः उलगडले. डाव्या किनारीला तुटलेले धागे. तेलाचा डाग, तळहाताएवढा, लांबून दिसेल असा.

प्रोग्राम बरोबर आहे. आनंद व्हायला हवा होता. भीती वाटतेय. आक्का कामचुकार नाही, कधीच नव्हती. मग हे सुटलं कसं?

९ फेब्रुवारी

सकाळी आक्काला दारात उन्हात बसवलं आणि तिचा उजवा डोळा, एकटा उजवाच, हाताने झाकला.

"दोनी डोले कशाला झाकलंस, पोरी?" म्हणाली.